जंतू एक, देह अनेक

आषाढात रायगडच्या पेण आणि रोहा तालुक्यांत भाताची लावणी सुरू झाली की माणसं दिवसचे दिवस चिखलात उभी असतात. पायांना चिरा पडतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. उंदरांच्या मुतातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायराचे जंतू याच वाटेने शरीरात शिरतात. एका खाचरात राबणाऱ्या, एकाच बांधावर बसून भाकरी खाणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही. कुणाला दोन दिवस कणकण येते, पोटऱ्या दुखतात, आणि गोळी घेऊन तो पुन्हा शेतात उतरतो. पण एखाद्याचे डोळे आधी लाल आणि मग पिवळे होतात, लघवी कमी होत होत थांबते, धाप लागते, आणि त्याला अलिबाग, पनवेल किंवा मुंबईकडे पळवावं लागतं. चिखल तोच आणि जंतूही तोच, मग याच माणसाची ही गत का व्हावी? या पुस्तकाचा विषय हा आहे.

याला आपल्याकडे ठरलेली उत्तरं आहेत. त्याने दुखणं अंगावर काढलं, त्याला दारूची सवय होती, साखर होती, वय झालं होतं. यातलं काहीच खोटं नाही. उशीर, मधुमेह, कुपोषण, यकृताचं जुनं दुखणं यांनी धोका वाढतोच, आणि शरीरात किती जंतू गेले यालाही महत्त्व आहे. पण हे सगळं हिशेबात धरूनही काही उरतं. धट्टाकट्टा, निर्व्यसनी, वेळेवर दवाखान्यात आलेला तरुणही कधीकधी हातातून निसटतो, आणि सत्तरीची म्हातारी बरी होऊन चालत घरी जाते. या उरलेल्या भागाचा काही अंश जन्माबरोबर मिळालेल्या जनुकांमध्ये असतो. तो किती, कोणत्या जनुकांत, आणि ते कळल्याने उपचारात काय फरक पडेल, याचा शोध गेली चार दशकं जगभर चालू आहे.

पण आधी, अशा रुग्णांचा जीव घेणारा सेप्सिस म्हणजे काय ते स्पष्ट करायला हवं. पुष्कळांची समजूत अशी की रक्तात जंतू झाले म्हणजे सेप्सिस. वैद्यकातही बराच काळ याच्या जवळपासचीच कल्पना होती. २०१६ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जी व्याख्या मांडली तिचा रोख वेगळा आहे. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच ताळतंत्र सोडतो, त्यातून शरीराचे अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो, त्या अवस्थेला सेप्सिस म्हणायचं. इथे जंतू निमित्त असतो, आणि पुढचं बरंचसं नुकसान शरीर स्वतःच्या हाताने करून घेतं. रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंड आणि फुप्फुसं थकतात. याच वेळी प्रतिकारशक्तीचा दुसरा भाग इतका दबलेला असू शकतो की पहिल्या जंतूतून वाचलेला रुग्ण दोन आठवड्यांनी दुसऱ्याच जंतूने दगावतो. पेणच्या खारपट्ट्यात बांधाला उघाडी असते. ती ओहोटीला उघडली नाही तर पावसाचं पाणी आत तुंबून पीक कुजतं, आणि भरतीला मिटली नाही तर खारं पाणी आत शिरून शेत नासतं. शरीराच्या प्रतिकाराचंही तसंच आहे: उघडणं आणि मिटणं, दोन्ही वेळेवर व्हावं लागतं. ही वेळ सांभाळणारी यंत्रणा माणसागणिक थोडी वेगळी असते.

या विकाराचा आवाका लहान नाही. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख माणसं त्याने गेली, असा अंदाज २०२० साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी एक. त्यातला मोठा वाटा आपल्यासारख्या देशांचा आणि लहान मुलांचा. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र न्यूमोनिया, कावीळ, बाळंतरोग अशी कारणं येतात, आणि सेप्सिस त्यांच्या आड राहतो. जागतिक आरोग्य परिषदेने त्याला प्राधान्याचा विषय म्हणून मान्यता दिली तीही २०१७ सालीच.

जंतूकडून देहाकडे नजर वळायला वैद्यकाला शंभर वर्षं लागली, आणि त्यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात पाश्चर आणि कॉख यांनी रोगामागचा जंतू दाखवून दिल्यावर सगळं लक्ष त्याच्यावर खिळलं. जंतू मारला की रोग संपला, ही श्रद्धा प्रतिजैविकांनी आणखी पक्की केली. पण देहाकडे बोट दाखवणारा एक पुरावा याच काळात आपल्या मुंबईत जमत होता, आणि तो उंदरांच्या रूपाने आला होता.

१८९६ साली मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे साथ पसरली आणि लोक मुंबई सोडून कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी पळाले. हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही कथा मराठी वाचकाला ठाऊक असते. त्यानंतरची कथा सहसा सांगितली जात नाही. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या शहरांतून उंदीर मागवून त्यांना प्लेगचे जंतू टोचले. साथ वर्षानुवर्षं थैमान घालत होती त्या मुंबईचे उंदीर पुष्कळदा जगत, आणि जिथे साथ जवळपास पोचलीच नव्हती त्या मद्रासचे उंदीर भराभर मरत. पुढे हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात हा फरक पुन्हा तपासला आणि तो खरा ठरला. अर्थ असा लावला गेला की प्लेगने कमजोर उंदीर संपवले आणि टिकणाऱ्यांची प्रजा उरली. प्लेगमध्ये जंतू रक्तात पसरून जीव जातो. म्हणजे रक्तातल्या संसर्गाला तोंड देण्याची ताकद पिढीजात असू शकते, याचा एक फार जुना पुरावा परळच्या पिंजऱ्यांत सापडलेला आहे. आपल्याकडच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात त्याला मोठी जागा मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

माणसांबाबतचा निर्णायक पुरावा १९८८ साली डेन्मार्कमधून आला. १९२४ ते १९२६ दरम्यान जन्मलेल्या आणि दत्तक दिलेल्या मुलांच्या ९६० कुटुंबांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. जन्मदात्या आईवडिलांपैकी कुणी पन्नाशीच्या आत संसर्गाने गेलं असेल, तर दत्तक गेलेल्या मुलाचा संसर्गानेच मृत्यू होण्याचा धोका जवळजवळ सहापट दिसला. ज्यांनी वाढवलं ते आईवडील संसर्गाने गेले असतील, तर मुलाचा धोका तसा वाढलेला दिसला नाही. घर, अन्न, पाणी, शेजार दत्तक आईबापांचे, रक्त जन्मदात्यांचं. दोन्ही वेगळे करून पाहण्याची अशी संधी माणसांत क्वचित मिळते. संसर्गाने होणाऱ्या मृत्यूत वारशाचा वाटा मोठा आहे, हे यातून इतकं स्पष्ट झालं की पुढचा प्रश्न ‘आहे का’ असा न राहता ‘कुठे आहे’ असा झाला.

त्याचं पहिलं ठोस उत्तर १९९८ साली मिळालं. उंदरांची एक जात अशी होती की जंतूंच्या आवरणातलं विष टोचूनही तिला काही होत नसे, पण खरे जंतू टोचले की ती मात्र लवकर मरे. ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने दाखवलं की या उंदरांच्या टीएलआर-४ या जनुकात एकच बदल आहे. जंतू आल्याची वर्दी शरीराला देणारा दरवान तिथे आंधळा होता. त्याआधी झ्यूल ऑफमान यांनी फळमाशीत याच कुळातल्या जनुकाचं प्रतिकारातलं काम दाखवून दिलं होतं. २०११ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता. यातला बोध विसरण्याजोगा नाही. वर्दी मिळाली नाही तर विषाने उंदीर मरत नाही, पण जंतूने मरतो. कमी प्रतिसाद चांगला की जास्त, याचं सरसकट उत्तर नाही.

यानंतर या क्षेत्रात तीन-चार वाटा फुटल्या. पहिली वाट संशयित जनुकांची. दाह वाढवणाऱ्या टीएनएफसारख्या रेणूंच्या जनुकांतले छोटे फरक घ्यायचे आणि ते सेप्सिसच्या रुग्णांत जास्त आढळतात का ते पाहायचं. १९९९ साली टीएनएफ जनुकातला एक फरक सेप्टिक शॉकच्या, म्हणजे रक्तदाब कोसळलेल्या सेप्सिसच्या, मृत्यूशी जोडला गेला आणि मोठी आशा निर्माण झाली. मग शेकडो निबंध आले. बरेचसे लहान गटांवरचे, आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला मिळेना. या वाटेने हाती फार थोडं लागलं, हे मान्य केलं पाहिजे. याच सुमारास दाह दाबणारी औषधंही एकामागून एक फसत होती. रक्त गोठण्यावर परिणाम करणारं झायग्रिस हे महागडं औषध २००१ साली बाजारात आलं आणि २०११ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं, कारण नव्या चाचणीत त्याने जीव वाचत असल्याचं दिसलं नाही. माझ्या मते या अपयशांमागचं एक मोठं कारण म्हणजे वेगवेगळ्या आजारांच्या माणसांना एकाच नावाखाली गोळा करून एकच औषध दिलं जात होतं.

दुसरी वाट दुर्मिळ पण जबरदस्त दोषांची. इथे एकच जनुक बिघडलेलं असतं आणि तेवढं पुरतं. फ्रान्सचे ज्याँ-लोराँ कासानोव्हा यांनी या वाटेवर सर्वाधिक काम केलं. आयरॅक-४ किंवा मायडी-८८ या जनुकांत दोष असलेल्या मुलांना लहानपणी न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा भयंकर सेप्सिस होतो, आणि त्यांना अशा वेळी पुरेसा तापही येत नाही. मूल पौगंडावस्थेपर्यंत जगलं, तर धोका पुष्कळ ओसरतो. या वाटेवरचं काम महाराष्ट्रात, आपल्या जवळ चालतं. मुंबईला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत डॉ. मनीषा मडकईकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसंच वाडिया बालरुग्णालयात डॉ. मुकेश देसाई यांनी जन्मजात प्रतिकारदोष असलेली मुलं शोधण्याची आणि त्यांच्यावर उपचार करण्याची परंपरा उभी केली. यातली काही लक्षणं गावातल्या आशा स्वयंसेविकांनाही ओळखता येतील अशी आहेत. बाळाची नाळ महिना झाला तरी गळत नाही, जखम चिघळते पण पू होत नाही, अशा बाळाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडू शकत नसण्याची शक्यता असते. बीसीजीच्या टोचणीची गाठ वाढत जाऊन तो संसर्ग अंगभर पसरणं ही दुसरी खूण. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या घरांत आहे तिथे असे दोष उघडे पडण्याची शक्यता वाढते. आधीचं भावंड ‘तापाने गेलं’ असेल, तर ती हकीकत सोन्याच्या मोलाची असते.

सिकलसेलचं उदाहरण याच वाटेवरचं, आणि महाराष्ट्राला ते फार जवळचं आहे. या जनुकाची एक प्रत असलेल्या माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी दाखवलं. दोन्ही प्रती असल्या की लहानपणीच प्लीहा निकामी होते आणि न्यूमोकॉकसचा संसर्ग काही तासांत रक्तात पसरून मूल दगावू शकतं. तेच जनुक एकाला तारतं आणि दुसऱ्याला मारतं. १९५८ साली नागपूरहून या विकाराची नोंद लॅन्सेटमध्ये गेली, आणि आज राज्यातल्या अनेक आदिवासी समाजांत त्याची तपासणी होते. इथे जनुकाचं ज्ञान थेट जीव वाचवतं, आणि उपायही साधा आहे: रोज पेनिसिलिन, न्यूमोकॉकसची लस, आणि ताप आला की न थांबता रुग्णालय. १९८६ साली एका मोठ्या चाचणीत नुसत्या पेनिसिलिनने हे संसर्ग चौऱ्याऐंशी टक्क्यांनी घटले होते.

तिसरी वाट संपूर्ण जनुकसंच चाळण्याची. तीत कुठल्याच जनुकावर आधी संशय घेतलेला नसतो. २०१५ साली न्यूमोनियातून झालेल्या सेप्सिसमध्ये फेर या जनुकाजवळचा एक फरक जगण्याशी जोडलेला सापडला, तो युरोपीय वंशाच्या रुग्णांत. चौथी वाट मला सर्वांत आशेची वाटते. ती जन्माने मिळालेल्या फरकांबरोबरच, आजारी पडल्यावर कोणती जनुकं कामाला लागली आणि कोणती गप्प बसली, हेही रक्तातून वाचते. २०१६ साली ऑक्सफर्डच्या ज्युलियन नाइट यांच्या गटाने अतिदक्षता विभागातल्या रुग्णांचे असे दोन गट वेगळे केले. एका गटाची प्रतिकारशक्ती थकलेली होती आणि मृत्यूही त्याच गटात जास्त होते. अमेरिकेत हेक्टर वाँग यांनी लहान मुलांमध्ये असंच काम त्याआधीच सुरू केलं होतं. २०१९ साली एका चाचणीचे नमुने पुन्हा पाहिले तेव्हा दिसलं की प्रतिकारशक्ती तुलनेने शाबूत असलेल्या गटाला हायड्रोकॉर्टिझोन हे दाह दाबणारं औषध दिल्यावर मृत्यू जास्त झाले होते. एका रुग्णाला आधार देणारं औषध शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला घातक ठरू शकतं, हा इशारा आहे. तो पक्का नियम व्हायला अजून मोठ्या चाचण्या लागतील.

आता आपल्या दारातला प्रश्न. हे जे ज्ञान साठलं, त्यात रोह्याच्या वाडीवरचा कातकरी, पेणचा आगरी शेतकरी, मूर्तीशाळेत काम करणारी बाई कुठे आहे? जवळजवळ कुठेच नाही. नमुने बहुतांशी युरोपचे आणि अमेरिकेचे. आपल्याकडे जातीत लग्नं करण्याची रीत शतकानुशतकं चालत आली, त्यामुळे हजारो छोटे जनुकगट तयार झाले. के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांतल्या ८१ गटांत, थोड्या पूर्वजांपासून वाढल्याचा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही जास्त दिसला. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले आहेत. ही पायाभरणी मोलाची आहे, पण हे जनुकसंच सेप्सिसच्या रुग्णांच्या नोंदींशी जोडल्याशिवाय आपला प्रश्न सुटणार नाही. कोविडने याची चुणूक दाखवली. गंभीर आजाराचा धोका वाढवणारा, निअँडरथाल माणसाकडून आलेला गुणसूत्र ३ वरचा एक तुकडा दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत आढळतो. युरोपात तो कितीतरी कमी आहे.

आणि आपल्या लावणीच्या चिखलाला सर्वांत जवळचा अभ्यास अमेरिकेतल्या इलिनॉयचा आहे. १९९८ साली स्प्रिंगफील्डला, तलावात पोहण्याचा टप्पा असलेल्या ट्रायथलॉन शर्यतीनंतर लेप्टोची साथ आली. पुढे तपासल्यावर दिसलं की एचएलए-डीक्यू-६ हा जनुकप्रकार असलेल्या स्पर्धकांना आजाराचा धोका जास्त होता, आणि त्यांतही तलावाचं पाणी पोटात गेलेल्यांना तो अधिक होता. जनुक आणि पाणी दोन्ही एकत्र आली तेव्हा धोका वाढला. मौजेसाठी पोहलेल्या माणसांवर असा अभ्यास होऊ शकतो, तर दर पावसाळ्यात पोटासाठी पाण्यात उभं राहणाऱ्या रायगडच्या माणसांवर का होऊ नये? अंबा, भोगावती आणि कुंडलिकेच्या खोऱ्यांत असा अभ्यास झाला पाहिजे, असं हे पुस्तक ठामपणे म्हणतं. मीही म्हणतो.

पण याबरोबर एक धोका आहे. जातीच्या समाजात जनुकांची भाषा फार लवकर विषारी होते. ‘अमक्या जातीचं रक्तच कमकुवत’ हे वाक्य बोलायला विज्ञान लागत नाही. पण ते बोलणाऱ्याला अर्धवट विज्ञान आधार देतं. सेप्सिसशी जोडलेले बहुतेक फरक सगळ्याच समाजांत, कमीजास्त प्रमाणात, विखुरलेले आहेत, आणि एकेकट्याचा परिणाम लहान आहे. कातकरी वाडीवर ताप जास्त जीव घेत असेल, तर आधी रस्ता, अन्न, रक्तक्षय आणि दवाखान्याचं अंतर तपासायचं. जनुक ही प्रशासनाच्या हयगयीची सबब म्हणून पुढे करता कामा नये.

तसंच, जनुकं कळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. सेप्टिक शॉकमध्ये योग्य प्रतिजैविकाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी घटत गेल्याचं आनंद कुमार यांच्या २००६ च्या पाहणीत दिसलं होतं. मिनिटाला बावीस किंवा जास्त श्वास, वरचा रक्तदाब शंभर किंवा कमी, आणि असंबद्ध बोलणं किंवा ग्लानी, ही चिन्हं जनुक तपासणीशिवाय कोणत्याही प्राथमिक केंद्रात दिसतात. केवळ या तिन्हींवर विसंबू नये, पण दिसली तर थांबूही नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांपेक्षा, ६२ टक्क्यांनी खाली आले. हे १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्यात एकही जनुक तपासलेलं नव्हतं.

मग जनुकांचं पुस्तक कशाला? कारण वेळेवर, योग्य उपचार मिळूनही जाणारे रुग्ण आहेत, आणि त्यांच्यासाठी आज आपल्याकडे उत्तर नाही. आणि उत्तर शोधायला दर वेळी मोठी संस्थाच लागते असंही नाही. याच रायगड जिल्ह्यात महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून, नाडी, रक्तदाब, घाम यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवून जगाचा उपचार बदलला. प्राझोसिन हे साधं औषध त्यातून पुढे आलं. नोंद नीट असेल तर तालुक्याच्या गावातूनही विज्ञान होतं.

हे पुस्तक जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक नाही आणि उपचारांची पुस्तिकाही नाही. सेप्सिसमध्ये देहादेहांत फरक का पडतो हे ते सामान्य वाचकाला, परिचारिकेला, तालुक्याच्या डॉक्टरला एकाच भाषेत सांगू पाहतं. जिथे पुरावा पक्का आहे तिथे ते ठाम बोलतं. जिथे निबंध एकमेकांशी भांडतात तिथे ते भांडण दाखवतं. घरी करायच्या जनुक तपासण्यांच्या जाहिराती आता मोबाइलवर येतात. त्यांतून सेप्सिसचं भाकीत होत नाही, हे पुस्तक स्पष्ट सांगतं, आणि त्यासाठीच ते घरोघरी वाचलं जावं असं मला वाटतं.

पेण-रोह्याच्या डॉक्टर मित्रांना एक विनंती. तापाने अत्यवस्थ झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तीन गोष्टी लिहा: घरात आधी कुणी तरुण वयात तापाने किंवा संसर्गाने गेलं का, आईवडील नात्यातले आहेत का, आणि रुग्णाला यापूर्वी असा गंभीर संसर्ग झाला होता का. आणि वाचकांनो, तुमच्या घरात असं काही घडलं असेल आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही होऊन सांगा.